माडाच्या बुंध्यावरची अळंबी तोडून टाकली की रोग जातो का?

खाडीकाठ
नमस्कार. वेंगुर्ले तालुक्यात, समुद्रापासून फारशा लांब नसलेल्या आमच्या वाडीतील माड तीस ते चाळीस वर्षांचे आहेत. त्यांपैकी पाटाच्या टोकाला असलेल्या एका माडाच्या बुंध्यावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, यंदा पावसाळ्याच्या अखेरीस एक अर्धगोल, लाकडासारखी कडक अळंबी आली आहे. तिला देठ जवळजवळ नाही. वरचा भाग तांबूस तपकिरी असून व्हार्निश मारल्यासारखा चकाकतो, कड पांढरी आहे, आणि खालच्या पांढऱ्या बाजूला नखाने दाबले की तेथे तपकिरी डाग उमटतो. खालच्या दगडावर बारीक तपकिरी पूड साचलेली दिसते.

या माडाच्या खालच्या झावळ्या गेल्या उन्हाळ्यापासूनच पिवळ्या पडून खोडाला चिकटून लोंबत आहेत, नारळ लहान होत चालले आहेत, आणि बुंध्याच्या भेगांतून तांबूस चिकट रस गळून वाळलेला आहे. त्याच ओळीतील शेजारच्या माडावर अळंबी नाही, परंतु त्याच्याही खालच्या झावळ्या निस्तेज दिसू लागल्या आहेत. शेजाऱ्यांचा सल्ला असा की अळंबी कोयत्याने छाटावी आणि त्या जागी चुना भरावा. मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. ही अळंबी रोगाचे कारण आहे, की झाड अशक्त झाले म्हणून ती आली? ती छाटल्याने काही साधते का? आणि अजून थोडेफार नारळ देणारा माड तोडावा का?

बुरशीमित्र
आपण केलेले वर्णन इतके नेमके आहे की छायाचित्राची उणीव भासत नाही. ही गॅनोडर्मा वंशातील बुरशी आहे आणि रोग म्हणजे तिच्यामुळे होणारी माडाची बुंधाकूज. तमिळनाडूतील तंजावर भागात १९५२ मध्ये या रोगाची ठळक नोंद झाल्यामुळे शेतीच्या पुस्तकांत त्याला ‘तंजावर मर’ असेही नाव आहे. कर्नाटकातील पोफळीच्या बागांत हाच रोग ‘अणबे रोग’ म्हणून ओळखला जातो, आणि मलेशिया व इंडोनेशियातील तेलताडाच्या मळ्यांत गॅनोडर्माचीच एक जात सर्वांत मोठी डोकेदुखी होऊन बसली आहे.

आपला पहिला प्रश्न जुना आणि मानाचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील जाणकारदेखील असेच मानत की लाकूड आधी कुजते आणि कुजलेल्या लाकडातून बुरशी आपोआप निर्माण होते. जर्मनीतील वनशास्त्रज्ञ रॉबर्ट हार्टिग यांनी १८७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात झाडाच्या आतील सूक्ष्म तंतू आणि बाहेर दिसणारी फळीसारखी अळंबी हे एकाच सजीवाचे दोन भाग आहेत हे दाखवले, आणि कूज हा त्या सजीवाच्या खाण्याचा परिणाम आहे हे सिद्ध केले. वृक्षरोगशास्त्राची सुरुवात तेथूनच मानली जाते. तेव्हा आपल्या माडाबाबतही क्रम असाच समजावा: बुरशी प्रथम मुळांत शिरली, मुळांतून बुंध्याच्या गाभ्यात गेली, तेथे तिने दीर्घकाळ लाकडातील लिग्निन आणि सेल्युलोज पचवले, आणि पुरेसे पोसल्यावर बीजाणू पसरवण्यासाठी बाहेर फळ धरले. अळंबी हे त्या बुरशीचे फळ आहे. आंबे उतरवल्याने आंब्याचे झाड मरत नाही, तसेच अळंबी छाटल्याने बुरशी मरत नाही.

तरीही ती काढून टाकावी, मात्र वेगळ्या कारणासाठी. दगडावर साचलेली तपकिरी पूड म्हणजे बीजाणू होत, आणि या वंशातील एखादी मोठी अळंबी दिवसाला अब्जावधी बीजाणू सोडू शकते. काढलेली अळंबी बांधावर किंवा खताच्या खड्ड्यात टाकू नये, जाळावी. चुन्याचा मात्र काही उपयोग नाही, कारण रोग ज्या गाभ्यात आहे तेथपर्यंत तो पोहोचतच नाही.

कुळागर
मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला. आमच्याकडे माड आणि पोफळी एकाच कुळागरात असतात, त्यामुळे हा रोग दोन्हींवर पाहिला आहे. बुरशीमित्र यांच्या विवेचनाशी मी सहमत आहे; तरी ज्यांच्या माडावर अळंबी आलेली नाही पण खोडातून रस गळतो आहे, अशा वाचकांनी लगेच गॅनोडर्माचा निष्कर्ष काढू नये म्हणून थोडे लिहितो.

रस गळण्याची तीन कारणे आमच्या भागात नेहमी आढळतात. सोंड्या भुंग्याच्या अळ्यांनी खोड पोखरले असेल तर रस एखाद्या छिद्रातून येतो, त्याबरोबर चावलेला काथ्या बाहेर पडतो, आणि शांत वेळी कान लावल्यास आत कुरतडल्याचा आवाजही येतो. दुसरे कारण म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग. तो निराळ्या बुरशीमुळे होतो, त्याचे डाग खोडावर सुटे सुटे असतात, आणि डागाची जागा तासली असता खालचा भाग पिवळट तपकिरी दिसतो, पण झाडाचा शेंडा बरेच दिवस ठीक राहतो. गॅनोडर्मामध्ये मात्र गळती अगदी बुंध्यापासून सुरू होऊन वर सरकत जाते, कधी कधी तीन-चार मीटरपर्यंत, आणि तिच्या जोडीला बाहेरच्या वळातील झावळ्या आधी मलूल होतात. खात्री करायची असल्यास बुंध्याजवळची माती उकरून मुळे पाहावीत. निरोगी मूळ टणक असते. रोगट मूळ तपकिरी, मऊ होऊन सालपट हातात सोलून येते आणि त्याला कुजका वास असतो. लाकडी हातोडीने बुंध्यावर ठोकले असता भरीव जागी आणि पोकळ जागी येणाऱ्या आवाजातला फरकही सहज कळतो.

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. बुंध्यावर अळंबी दिसलेल्या माडावर नारळ पाडण्यासाठी कोणालाही चढवू नका. वरून हिरवा दिसणारा माड आतून किती उरला आहे हे चढणाऱ्याला कळत नाही.

अजून नारळ देणारा माड लगेच तोडण्याच्या मात्र मी विरोधात आहे. जोवर चार नारळ मिळतात तोवर झाड ठेवावे आणि भोवती चर खणून ते वेगळे करावे, असे मला वाटते. शिवाय गोव्यात माड तोडणे हे परवानगीचे काम आहे. २०१६ च्या दुरुस्तीने माडाला ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळले होते. त्यावर बराच गदारोळ झाला आणि २०१७ मध्ये त्याला पुन्हा वृक्षाचा दर्जा देऊन राज्यवृक्ष ठरवण्यात आले. तेव्हा रोगट माड काढण्यासाठीदेखील आमच्याकडे वन खात्याकडे अर्ज करावा लागतो.

बुरशीमित्र
गळतीची तीन कारणे आपण फार उपयुक्त रीतीने वेगळी केली आहेत. मात्र झाड ठेवण्याच्या मताशी मी सहमत होऊ शकत नाही. अळंबी दिसू लागते तेव्हा बुंध्याचा मोठा भाग आतून निकामी झालेला असतो. असा माड औषधाने सावरल्याचे मी पाहिलेले नाही. त्यापासून मिळणारे नारळ थोडे आणि लहान असतात, तर त्याच्या मुळांपासून शेजारच्या मुळांना होणारा संसर्ग दररोज चालू असतो. ही बुरशी प्रामुख्याने मुळांच्या परस्पर संपर्कातून आणि जमिनीत राहिलेल्या कुजक्या अवशेषांतून पसरते, आणि म्हणूनच रोग बागेत विखुरलेला न दिसता एका झाडापासून शेजारच्या झाडाकडे सरकताना दिसतो. खाडीकाठ यांच्या ओळीत नेमके तेच घडत आहे. चर खणणे आवश्यक आहे याबद्दल दुमत नाही, पण मी तो चर दुसऱ्या, निस्तेज दिसणाऱ्या माडाभोवती खणेन आणि पहिला माड मुळांसकट काढेन.

पानगळ
मी पुण्यात राहते, परंतु माझे आजोळ संगमेश्वराकडचे आहे. तेथील घरामागच्या जुन्या फणसावर अशीच, पण काळपट आणि चमक नसलेली कडक अळंबी माझ्या लहानपणापासून आहे. तिला सगळे फणसांबा म्हणतात, आणि लहान मुलांची लाळ फार गळत असेल तर ती सहाणेवर उगाळून हिरड्यांना लावण्याची पद्धत आमच्या घरी होती. तो फणस आजही भरभरून फळतो. मग एका झाडावर ही बुरशी पिढ्यान्‌पिढ्या नांदते आणि दुसरे झाड दोन-तीन वर्षांत मरते, असे का?

बुरशीमित्र
फणसांबा ही फेलिनस या वेगळ्या वंशातील बुरशी आहे, आणि पश्चिम घाटातील तिच्या औषधी वापराची नोंद बुरशीशास्त्राच्या नियतकालिकांतही झालेली आहे. परंतु आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर बुरशीपेक्षा झाडाच्या रचनेत दडलेले आहे.

फणस, आंबा, बाभूळ, खैर यांसारख्या झाडांत सालीखाली पेशींचा एक जिवंत थर असतो, जो दरवर्षी बाहेरच्या बाजूने नवे लाकूड तयार करतो. आतला गाभा हळूहळू मृत होतो आणि केवळ आधार देण्यापुरता उरतो. बुरशी या मृत गाभ्यात शिरली तर झाड तिच्याभोवती रासायनिक आणि रचनात्मक भिंती उभारते आणि पुढची नवी वर्तुळे त्या भिंतीबाहेर वाढवते. अमेरिकेतील अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडे उभी चिरून, आतील कुजीच्या सीमा पाहून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा विचार मांडला. झाड जखम भरून काढत नाही, ते तिला बंदिस्त करते. आपल्या आजोळचा फणस आतून बराच पोकळ असण्याची शक्यता आहे, तरी पाणी वाहून नेणारे बाहेरचे लाकूड शाबूत असल्यामुळे तो फळतो आहे.

माड आणि पोफळ एकदल वनस्पती आहेत. त्यांच्यात हा वाढणारा थरच नसतो. खोडात पाणी आणि अन्न नेणाऱ्या नलिकांचे जुडगे सर्वत्र विखुरलेले असतात, आणि एकदा तयार झालेले खोड आयुष्यभर तेवढेच राहते. झाडाकडे नवे लाकूड बनवून कुजीला वळसा घालण्याची सोय नाही. गाभा कुजला म्हणजे पाणी नेणाऱ्या वाहिन्याच कुजल्या. म्हणून माडाच्या झावळ्या ऐन पावसाळ्यातही पाण्याचा ताण पडल्याप्रमाणे लोंबतात, आणि पहिल्या लक्षणापासून झाड मरेपर्यंत सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच काळ जातो.

तरीही फणसाबाबत निश्चिंत राहू नये. गाभाकूज झालेले झाड रोगाने मरत नसले तरी वादळात मोडते, आणि आपले झाड घरामागेच आहे. घराच्या बाजूला झुकलेल्या जड फांद्यांचे ओझे जाणकाराकडून कमी करून घ्यावे. फणस हा १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत असल्यामुळे पूर्ण झाड तोडायचे झाल्यास परवानगी लागेल.

पानगळ
फार उलगडून सांगितलेत, आभारी आहे. विषय माडाचा असला तरी शहरातील झाडांबद्दल एक भर घालते. आमच्या रस्त्यावरील गुलमोहोरांच्या बुंध्यांवर अशाच चकचकीत अळंब्या दिसतात, आणि त्या बहुधा ज्या बाजूला केबलसाठी किंवा गटारासाठी चर खणला गेला त्याच बाजूला दिसतात. मुळे यंत्राने फाडून तोडलेली, वरून बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलेले, आणि मग पहिल्याच वळवाच्या पावसात झाड आडवे. पडलेल्या झाडाच्या तळाशी मुळे जवळजवळ नसतातच. लोक वाऱ्याला दोष देतात.

बुरशीमित्र
निरीक्षण बरोबर आहे. गुलमोहोराचे लाकूड मुळात हलके आणि मुळे उथळ, त्यात ताजी जखम मिळाली की बुरशीला प्रवेश सोपा होतो. अशा झाडाबाबत १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष कायद्याखालील वृक्ष प्राधिकरणाकडे लेखी अर्ज करताना ‘झाड धोकादायक आहे’ एवढेच न लिहिता अळंबीची जागा, जमिनीपासूनची उंची, मुळे कोणत्या बाजूने तोडली गेली आहेत आणि झाड कोणत्या बाजूला झुकले आहे हे छायाचित्रांसह लिहावे. मात्र प्रत्येक अळंबी धोक्याची नसते. वाळलेल्या फांदीवर पातळ, रंगीत पट्ट्यांच्या किंवा पांढऱ्या पंख्यासारख्या ज्या लहान अळंब्या येतात, त्या बहुतेक मृत लाकूड खाणाऱ्या असतात. बुंध्यावर, जमिनीलगत, जाड आणि कडक अळंबी दिसली तर मात्र विलंब करू नये.

खाडीकाठ
सर्वांचे आभार. पहिला माड काढायचे ठरवले आहे. दुसऱ्यासाठी नेमके काय करावे, प्रमाणासह कळल्यास बरे होईल. कृषी सेवा केंद्रात विचारले असता मला चार वेगवेगळी औषधे दाखवण्यात आली.

मळेकरी
मी केरळमधील कासरगोडला केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेत प्रशिक्षण घेतले आहे आणि सध्या नारळाचीच शेती करतो. मी पुढीलप्रमाणे करतो.

दुसऱ्या माडाभोवती बुंध्यापासून सुमारे दीड मीटरवर दोन फूट खोल आणि एक फूट रुंद चर गोल खणावा. त्यानंतर एक टक्का बोर्डो मिश्रण सुमारे चाळीस लिटर घेऊन बुंध्याभोवतीच्या आळ्यात जिरवावे. शंभर लिटर मिश्रणासाठी एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना लागतो. दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करावेत, लोखंडी भांडे वापरू नये. मिश्रणात स्वच्छ लोखंडी पाते मिनिटभर बुडवून पाहावे. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त आहे असे समजून थर येणे थांबेपर्यंत चुन्याची निवळी घालावी. मिश्रण त्याच दिवशी वापरावे.

मुळातून औषध देण्यासाठी हेक्साकोनॅझोल पाच टक्के हे बुरशीनाशक दोन मिलिलिटर घेऊन शंभर मिलिलिटर पाण्यात मिसळतात आणि दर तीन महिन्यांनी देतात. बुंध्यापासून थोड्या अंतरावर माती हलक्या हाताने उकरून पेन्सिलीएवढ्या जाडीचे, जिवंत, टणक मूळ शोधावे. धारदार चाकूने त्याला तिरकस काप द्यावा, टोक द्रावण भरलेल्या लहान प्लॅस्टिक पिशवीत तळापर्यंत बुडेल असे घालावे, पिशवीचे तोंड सुतळीने बांधून माती सारखी करावी. दुसऱ्या दिवशी उघडून पाहिल्यास पिशवी रिकामी झालेली असली पाहिजे; तसे नसेल तर ते मूळ निकामी होते असे समजून दुसरे निवडावे. औषध दिल्यानंतर ४५ दिवस त्या झाडाची शहाळी किंवा नारळ उतरवू नयेत.

याशिवाय दरवर्षी झाडाला पन्नास किलो शेणखत आणि पाच किलो निंबोळी पेंडीत पन्नास ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी उपकारक बुरशी) मिसळून द्यावे. बुरशी मारणारे तांबेयुक्त बोर्डो आणि ट्रायकोडर्मा एकाच वेळी देणे म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेणे आहे. दोन्हींमध्ये काही आठवड्यांचे अंतर असावे.

कुळागर
मुळातून औषध देण्याबद्दल माझा अनुभव संमिश्र आहे. लक्षणे नुकतीच दिसू लागलेल्या झाडांत रोग थबकतो, परंतु गळती सुरू झाल्यानंतर फारसा फरक पडत नाही. त्यापेक्षा पाण्याची पद्धत बदलल्याचा उपयोग अधिक झाला. पाटाचे पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात सोडण्याची आमची जुनी रीत रोग वाहून नेण्यास मदत करते. आता प्रत्येक झाडाला स्वतंत्र ठिबक आहे, उन्हाळ्यात ओल तुटू देत नाही, आणि आळ्यात कुदळ किंवा नांगर चालवून मुळे दुखावत नाही.

मळेकरी
हे पटते. औषध हा दुय्यम भाग आहे. पाणी आणि मुळांची निगा सांभाळली नाही तर त्याचे पैसे वाया जातात. तमिळनाडूत रोगट बागांत पाणी असेल तेथे केळीचे आंतरपीक घेण्याची शिफारसही केली जाते.

उत्तरायण
स्कॉटलंडमधून लिहितो. येथील पाइनच्या जंगलांत याच प्रकारच्या एका फळीवजा बुरशीने मुळे कुजतात, आणि येथील अनुभवाचा गाभा ‘बुंधे’ हाच आहे. विरळणीसाठी झाडे तोडली की ताज्या बुंध्यावर बीजाणू पडतात, बुरशी बुंध्यातून मुळांत उतरते आणि मुळांच्या संपर्कातून उभ्या झाडांत जाते. केंब्रिजचे जॉन रिशबेथ यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास हे दाखवून दिले, आणि तोडल्याबरोबर बुंध्यावर दुसरी, निरुपद्रवी बुरशी पसरवण्याचा उपाय रूढ केला. ती आधी जागा व्यापते आणि रोगकारक बुरशीला शिरकाव मिळत नाही. युरियाचे द्रावणही वापरतात. कोकणात २०२० च्या निसर्ग आणि २०२१ च्या तौक्ते वादळांत इतके माड व पोफळी पडल्या, त्यांचे बुंधे जमिनीतच राहिले असतील, तर तेथेही हाच धोका संभवतो का? आणि युरियाचा उपाय तेथे चालेल का?

बुरशीमित्र
धोका निश्चित संभवतो. गॅनोडर्मा मृत बुंध्यांत आणि मुळांत कित्येक वर्षे तग धरते, त्यामुळे वादळात पडलेल्या झाडांचे बुंधे न काढता शेजारी नवी रोपे लावणे धोक्याचे आहे. युरियाचा उपाय मात्र येथे लागू करू नये, कारण तो पाइनच्या नुकत्याच उघड्या पडलेल्या निरोगी लाकडाचे बीजाणूंपासून रक्षण करण्यासाठी आहे. आपल्याकडे बुंधा तोडण्याच्या आधीच आतून बाधित असतो. त्याला खणून काढण्यावाचून दुसरा उपाय नाही.

खाडीकाठ
शेवटच्या दोन शंका. काढलेल्या माडाचे खोड गोठ्याच्या वाशांसाठी वापरता येईल का? तसेच एका ओळखीच्या गृहस्थांनी ही अळंबी ‘रेशी’ नावाची औषधी अळंबी म्हणून विकत घेण्याची तयारी दाखवली आहे.

बुरशीमित्र
खोड आडवे पाडून बुंध्याकडून वर पाहत जावे. कुजलेला भाग तपकिरी, भुसभुशीत आणि हलका लागतो. जेथे संपूर्ण छेद टणक आणि एकसारखा दिसेल तेथून आणखी हात-दोन हात सोडून वरचे खोड खुशाल वापरावे. खालचा भाग, बुंधा आणि खणून निघतील तेवढी मुळे तेथेच, खड्ड्याच्या जवळच जाळावीत. ओढत बागेपलीकडे नेऊ नयेत, कारण वाटेत पडलेले तुकडे रोग पसरवतात.

विक्रीचा विचार सोडून द्यावा. रेशीला गॅनोडर्मा ल्युसिडम हे नाव सर्रास लावले जाते, परंतु त्या जातीचे मूळ वर्णन १७८१ मध्ये इंग्लंडमधील नमुन्यावरून झाले आहे, आणि पूर्व आशियात औषधासाठी लागवड होणारी जात तिच्याहून वेगळी असल्याचे आता मानले जाते. आपल्या माडावरची जात कोणती हे प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय सांगता येत नाही. शिवाय पिशवीत भरून गावोगाव फिरवलेली अळंबी बीजाणू सांडत जाते, ते वेगळेच.

नवे रोप जुन्या खड्ड्यात लावू नये. खड्डा उन्हात उघडा ठेवून तापू द्यावा, मुळांचे राहिलेले तुकडे वेचावेत, आणि रोप ओळीतच पण दोन जुन्या जागांच्या मधोमध घ्यावे. लागवडीपूर्वी रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रात माती आणि रोगट मुळाचा तुकडा दाखवून घेतल्यास उत्तम. मुळाचा तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत नेऊ नये, वर्तमानपत्रात गुंडाळून न्यावा.